पडद्यामागची उमेदवारी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणांची साले आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आज आम्ही श्रोत्यांपुढे जो इतिहास ठेवणार आहोत तो निराळा, कारखान्यातला आहे. येशू ख्रिस्ताची शिकवण चित्रपटाच्या, आणि पुढे दूरचित्रवाणीच्या, द्वारे लोकांपुढे मांडावी असे ज्यांनी मनात आणले, त्यांनी ही विद्या शिकली कोठे, कोणाच्या हाताखाली उमेदवारी केली, आणि तयार झालेल्या त्या हातांचे पुढे काय झाले, एवढाच आजचा विषय आहे.

विषय परका वाटेल, पण प्रश्न आपल्या घरचाच आहे. कीर्तनकार होण्यास नुसती भक्ती पुरते असे आपल्याकडे कोणीही समजत नाही. बुवांच्या मागे झांज धरून वर्षानुवर्षे उभे राहावे लागते. ताल, पाठांतर, आख्यानाची बांधणी, समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचे मन ओळखण्याची हातोटी, हे सारे तेथे उभ्याउभ्या अंगात मुरते. भक्ती पहिल्या दिवशीच असेल, पण कीर्तन दहा वर्षांनी येते. मग ज्याला कॅमेऱ्याने कीर्तन करावयाचे आहे त्याने झांज कोणाच्या मागे धरावी? आपल्याच धर्मबंधूंच्या, की ज्याला धर्माशी कर्तव्य नाही पण धंदा पक्का ठाऊक आहे अशा कारागिराच्या? गेली सव्वाशे वर्षे ख्रिस्ती चित्रकर्मी या प्रश्नाशी झुंजत आहेत, आणि त्यांची झुंज पाहण्यासारखी आहे.

गिरगावातील एक खेळ

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. १९१०-११च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असता त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि आपल्या देवांची चित्रे आपल्या माणसांनी का काढू नयेत, या प्रश्नाने त्यांची झोप उडवली. ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र तिचा उत्तरार्ध आपण जरा घाईने सांगून मोकळे होतो.

१९१२च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरीत त्यांनी ओळख काढली आणि संपादकांच्या मध्यस्थीने सेसिल हेपवर्थ या इंग्रज निर्मात्याच्या वॉल्टन येथील चित्रशाळेत प्रवेश मिळवला. तेथे काम कसे चालते ते डोळ्यांनी पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, आणि ते परत आले. ही सारी उमेदवारी जेमतेम पंधरा दिवसांची. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

पंधरा दिवसांत माणूस चित्रपट करायला शिकतो काय? शिकत नाही. १८८५ साली जे. जे. कलाशाळेत पाऊल टाकल्यापासून फाळक्यांचा हात घडत होता. बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यातील नोकरी, लोणावळ्याच्या छापखान्यातील ठशांचे काम, जादूचे प्रयोग, अशी पंचवीस वर्षांची तालीम त्या पंधरा दिवसांच्या पाठीशी होती. हेपवर्थने त्यांना शेवटची किल्ली तेवढी दिली. कुलूप त्यांनी आधीच घडवून ठेवले होते. परत आल्यावर त्यांनी आपल्या घराचीच शाळा केली. सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकल्या. उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांतून तारामती उभी राहिली.

या प्रसंगात आमच्या विषयाची सारी बीजे आहेत. प्रेरणा एका ख्रिस्ती चित्रातून आली, हात धंदेवाईक चित्रशाळेत तयार झाला, आणि फळ तिसऱ्याच परंपरेच्या झाडाला लागले. भाव कोठे उपजेल आणि विद्या कोठे मिळेल यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही.

मेलबर्नची मुक्तिफौज

आता थोडे मागे, १८९०च्या दशकातील ऑस्ट्रेलियात जाऊ. मुक्तिफौज हे नाव मुंबईला नवे नाही. १८८२ साली फ्रेडरिक टकर आपल्या मूठभर साथीदारांसह मुंबईच्या धक्क्यावर उतरला तेव्हापासून हे ढोलताशेवाले धर्मसैनिक आपल्या परिचयाचे आहेत. त्यांच्या ऑस्ट्रेलियातील शाखेत जोसेफ पेरी नावाचा एक अधिकारी होता. बॅलरॅट येथे तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांसाठी फौजेचे एक घर होते. ते चालवता चालवता पेरीने छायाचित्रणाचा उद्योग सुरू केला होता. त्याचे हे कसब पाहून वरिष्ठांनी त्याला मेलबर्नला आणले, आणि १८९२च्या सुमारास बर्क स्ट्रीटवरील मुख्यालयात 'लाइमलाइट' विभाग उभा राहिला. आरंभी काम जादूच्या कंदिलाचे होते, म्हणजे काचेवरच्या चित्रांचे. १८९६ साली संस्थापक जनरल बूथ यांचा मुलगा हर्बर्ट बूथ तेथे प्रमुख म्हणून आला. त्याला हलत्या चित्रांचे महत्त्व तत्काळ उमगले आणि १८९७पासून विभागात चित्रफिती निघू लागल्या. पाहा, ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला पहिला सशुल्क खेळ होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती!

१३ सप्टेंबर १९०० या दिवशी मेलबर्नच्या नगरभवनात 'सोल्जर्स ऑफ द क्रॉस' हा कार्यक्रम झाला. त्याला आजच्या अर्थाने चित्रपट म्हणता येणार नाही. सुमारे दीड दीड मिनिटाच्या पंधराएक चित्रफिती, दोनशेच्या आसपास काचचित्रे, वाद्यवृंद, गायन आणि या सर्वांना गुंफणारे बूथचे व्याख्यान, असा दोन तासांवर चाललेला तो प्रयोग होता. रोमन साम्राज्यात आदिख्रिस्ती लोकांनी सोसलेला छळ हे त्याचे आख्यान, आणि फौजेला नवे सैनिक मिळवणे हा त्याचा हेतू. चित्रणासाठी मरम्बीना येथील मुलींच्या वसतिगृहाचे टेनिसचे मैदान वापरले होते. रंगवलेले पडदे मागे टांगून रोम नगरी उभी केली, आणि फौजेतले अधिकारी व उमेदवार हेच रोमन शिपाई आणि हेच हुतात्मे झाले.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, येथे शिक्षण आणि काम यांत भिंत नव्हती. जो धर्मशिक्षणासाठी आला तोच सकाळी पडदा रंगवी, दुपारी सिंहाच्या तोंडी जाई आणि रात्री कंदील फिरवी. हे काम इतके चोख होऊ लागले की सरकारलाही या विभागाचे दार ठोठवावे लागले. १ जानेवारी १९०१ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियन संघराज्याचे उद्घाटन झाले, त्या सोहळ्याचे चित्रण लाइमलाइट विभागाने केले. विभागाच्या हयातीत सुमारे तीनशे लहानमोठे चित्रपट तेथून बाहेर पडले.

आणि मग? १९०२ साली हर्बर्ट बूथ फौजेतून बाहेर पडला. पेरी नेटाने काम चालवीत राहिला. १९०९ मध्ये कॉलफिल्ड येथे काचेच्या भिंतींची नवी चित्रशाळाही उभी राहिली. पण त्याच सुमारास जेम्स हे हा नवा प्रमुख आला. सिनेमामुळे शिपाईगडी ढिले पडतात, गंभीर कार्याला उथळपणा येतो, असे त्याचे मत होते. १९१०मध्ये त्याने हा विभाग बंद केला. बूथच्या त्या प्रयोगातील चित्रफितीही पुढे काळाच्या उदरात गेल्या. काचचित्रे तेवढी राहिली.

विभाग बंद झाला, पण विद्या बंद झाली काय? पेरी सिनेमाच्या धंद्यात शिरला. त्याची मुलेही छायालेखनाच्या उद्योगात वावरली. धर्मसंस्थेने घडवलेले हात बाजाराने उचलले. आपल्या पेशवाईतील दफ्तरे जप्त झाल्यावर मोडी जाणणारे कारकून जसे इंग्रजांच्या कचेरीत जाऊन बसले, तसेच हे झाले. संस्थेच्या आत शाळा काढली की ती चटकन उभी राहते, पण ज्याच्या एका हुकमाने ती उभी राहते त्याच्याच दुसऱ्या हुकमाने ती झोपते, हा मेलबर्नचा पहिला धडा.

चित्रगृहात जाऊ नका, चित्रपट काढा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एक नवी सोय झाली. सोळा मिलिमीटरची फिल्म आणि तिची सुटसुटीत यंत्रे युद्धात सैनिकांच्या शिक्षणासाठी फार वापरली गेली होती. युद्ध संपल्यावर ती चर्चच्या तळघरात आणि शाळेच्या दिवाणखान्यात येऊन पोहोचली. चित्रगृहाच्या मालकाची मनधरणी न करता चित्रपट दाखवता येऊ लागला. १९४५मध्ये शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटने अर्विन मून यांच्या देखरेखीखाली विज्ञानपटांचे केंद्र काढले. १९५०मध्ये मिशिगन राज्यात मस्कीगन येथे गॉस्पेल फिल्म्स ही संस्था निघाली. धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅम यांच्या मंडळाने १९५१मध्ये 'मिस्टर टेक्सस' काढला. चित्रपट हवे होते, पण ते काढणारे हात कोठून आणावयाचे?

दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथील बॉब जोन्स विद्यापीठाने याचे उत्तर १९५०मध्ये दिले. तेथे 'अनयूज्वल फिल्म्स' नावाची चित्रशाळा विद्यापीठाच्या आवारातच निघाली आणि तिची सूत्रे कॅथरिन स्टेनहोम या अध्यापिकेकडे आली. त्या काळी हॉलिवूडमध्ये दिग्दर्शिकेच्या खुर्चीवर स्त्री दिसणे म्हणजे अमावास्येला चंद्र दिसण्यासारखे होते. या बाई उन्हाळ्याच्या सुटीत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात जाऊन धंद्याचे धडे घेऊन आल्या आणि पुढची पस्तीसेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत चित्रपट काढीत राहिल्या. १९५५चा 'वाइन ऑफ मॉर्निंग' हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. बायबलातील बरब्बा या दरोडेखोराची ती कथा. १९५८मध्ये कान येथे चित्रपट व दूरचित्रवाणी विद्यालयांच्या संचालकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा तेथे अमेरिकेच्या वतीने हाच चित्रपट निवडला गेला.

आता यातील गंमत पाहावी. या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक चित्रगृहात पाऊल टाकण्यास मनाई होती. जेथे सिनेमा पाहणे गैर, तेथेच सिनेमा काढण्याची पदवी मिळत होती! हसण्याजोगी गोष्ट आहे खरी, पण आम्हांला तिच्यात एक गंभीर अडचण दिसते. गवयाच्या मुलाला दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकूच दिले नाही तर त्याचा गळा तयार होईल, पण कान तयार होणार नाही. ग्रीनव्हिलच्या मुलांना दिवे, वेषभूषा, संकलन, सारे येत होते. पण इटलीत, जपानात किंवा आपल्या बंगालात त्याच वर्षांत चित्रपटाची भाषा कशी बदलत आहे, हे चित्रगृहाच्या अंधारात बसून पाहण्याची मोकळीक त्यांना नव्हती. शिवाय दाराला आणखी एक कुलूप होते: १९७१पर्यंत या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. सर्वांसाठी सुवार्ता सांगणारी ही शाळा सर्वांची नव्हती, ही गोष्ट इतिहास सांगताना गाळता येणार नाही.

याच काळातली दुसरी एक हकीकत अगदी उलट टोकाची आहे. पेनसिल्व्हेनियात अर्विन यीवर्थ नावाचे गृहस्थ आपल्या मंडळीसह धार्मिक लघुपट काढीत असत. जॅक हॅरिस नावाचा एक वितरक त्यांच्याकडे एक भुताटकीची कल्पना घेऊन आला. त्यातून १९५८मध्ये 'द ब्लॉब' निघाला. आकाशातून पडलेला एक लिबलिबित गोळा माणसे गिळत सुटतो, असे त्याचे कथानक! स्टीव्ह मॅक्वीन हा पुढे गाजलेला नट त्यात प्रथम नायक झाला, पॅरामाउंटने तो चित्रपट जगभर नेला, आणि प्रेक्षकांच्या त्यावर उड्या पडल्या. धार्मिक चित्रांवर तयार झालेले हात राक्षसपटालाही पुरून उरले. कॅमेऱ्याला धर्म नसतो. तो चालवणाऱ्याला असेल.

दूरचित्रवाणीचा दरवाजा

घरोघर दूरचित्रवाणी आली तेव्हा प्रश्न आणखी निकडीचा झाला. रोमच्या गादीनेही त्याची दखल घेतली. अकरावे पायस यांनी १९३६मध्ये आणि बारावे पायस यांनी १९५७मध्ये चित्रपटादी माध्यमांवर परिपत्रके काढली होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र फर्मान काढले. धर्मगुरू, व्रतस्थ आणि संसारी भाविक या सर्वांना या कामाचे रीतसर शिक्षण विनाविलंब मिळावे, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. 'पाहू नका' येथपासून 'शिका' येथपर्यंतची ही वाटचाल होती.

अमेरिकेत या शिक्षणाला पैशाच्या गणितानेही गती दिली. तेथे नभोवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रे लोकसेवा म्हणून धार्मिक कार्यक्रमांना फुकट वेळ देत, आणि तो बहुतांशी जुन्या, प्रतिष्ठित चर्चसंघांकडे जाई. १९६०मध्ये सरकारी नियामक आयोगाने असे ठरवले की विकत दिलेला वेळही लोकसेवेत धरण्यास हरकत नाही. मग फुकट वेळ कोण देणार? ज्याच्याजवळ पैसा आणि उत्साह त्याची चलती झाली. १९६१मध्ये पॅट रॉबर्टसन यांनी व्हर्जिनियात आपले लहानसे केंद्र सुरू केले. पुढे त्याचा पसारा इतका वाढला की माणसे तयार करण्यासाठी १९७७मध्ये त्यांनी विद्यापीठच स्थापले. १९७८मध्ये संज्ञापन विद्याशाखेतील सुमारे पाऊणशे विद्यार्थ्यांनिशी त्याचे वर्ग भरू लागले. १९९०पासून ते रीजंट विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. यंत्र आधी, माणूस मागून, असा हा क्रम होता. घाण्याला बैल हवा म्हणून शाळा निघाली तर ती शाळा बैलाला दुसरी वाट दाखवील काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल.

याच वर्षांत लॉस एंजेलिसमध्ये एल्वुड कीझर नावाचे पॉलिस्ट पंथाचे एक धर्मगुरू निराळा प्रयोग करीत होते. १९६०पासून १९८३पर्यंत त्यांची 'इनसाइट' ही नाट्यमालिका चालली. त्यांनी स्वतंत्र धार्मिक कारागीर घडवण्याच्या फंदात न पडता हॉलिवूडच्या लेखकनटांनाच बोलावले. माणसाच्या मनाची खरी पेचाची गोष्ट सांगा, उपदेश आपोआप होईल, अशी त्यांची धारणा होती. १९७४मध्ये त्यांनी मानवी मूल्ये जपणाऱ्या पटकथालेखकांसाठी 'ह्युमॅनिटस' पारितोषिक सुरू केले, आणि १९८९मध्ये एल साल्व्हादोरचे हुतात्मा आर्चबिशप रोमेरो यांच्यावरील चित्रपट पडद्यावर आणला.

बाजारपेठेतली झांज

कीझर यांची ही वाट पुढे शिक्षणक्षेत्रात रुंद झाली. १९९१मध्ये अमेरिकेतील ख्रिस्ती महाविद्यालयांच्या संघाने लॉस एंजेलिसमध्ये चित्रपट अभ्यासकेंद्र काढले. दूरदूरच्या खेड्यांतील महाविद्यालयांतून मुले तेथे एका सत्रासाठी येत, वर्गात शिकत आणि उरलेल्या वेळात एखाद्या चित्रसंस्थेच्या कचेरीत उमेदवारी करीत. १९९९मध्ये बार्बरा निकोलोसी यांनी 'ॲक्ट वन' हा पटकथालेखनाचा अभ्यासक्रम हॉलिवूडमध्ये सुरू केला. पुढे त्याला निर्मात्यांच्या आणि कचेरीत निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचीही जोड मिळाली, तीत उमेदवारी हा एक भाग होता. या शाळेचे म्हणणे थोडक्यात असे: ख्रिस्ती चित्रपट वाईट निघतात, कारण ख्रिस्ती माणसे धंदा न शिकता त्यात उतरतात. तेव्हा आधी उत्तम कारागीर व्हा. धर्मावर प्रवचन देऊ नका. सचोटीने, धर्माने वागणाऱ्या माणसासारखे काम करा.

हे म्हणणे आम्हांला पटते. पण उमेदवारी या शब्दाभोवती एक काळी कडा आहे, तिच्याकडेही पाहिले पाहिजे. निर्मात्याच्या कचेरीतील उमेदवार काय करतो? आलेल्या पटकथा वाचून त्यांचा गोषवारा लिहितो, दूरध्वनी घेतो, कागद पोहोचवतो, चहाकॉफी आणतो. यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. शंभर पडीक पटकथा वाचल्यावर चांगली कोणती ते कळू लागते, आणि नकार कसा द्यावा हेही कळते. पण पुष्कळदा या कामाला दमडीही मिळत नसे. २०११मध्ये 'ब्लॅक स्वान' या चित्रपटावर बिनपगारी राबलेल्या दोन उमेदवारांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. आम्ही शिकाऊ नव्हतो, नोकरच होतो, असे त्यांचे म्हणणे. २०१३मध्ये न्यायाधीशांनी ते मान्य केले. २०१५मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय बाजूला ठेवून नवी कसोटी सांगितली: या संबंधात मुख्य लाभ कोणाचा, शिकणाऱ्याचा की शिकवणाऱ्याचा, ते पाहा. २०१६मध्ये उभयपक्षी तडजोड झाली.

मुख्य लाभ कोणाचा? हा प्रश्न न्यायालयाने विचारला, पण धर्मकार्याच्या शाळेने तो स्वतःला अधिक कठोरपणे विचारावयास हवा. कारण देवाचे काम म्हटले की मोबदला मागणाऱ्याचीच जीभ अडखळते. शिवाय बिनपगारी उमेदवारी कोणाला परवडते? ज्याच्या बापाने घरभाडे भरले त्याला. गवंड्याचा मुलगा, विधवेची मुलगी यांना ही दारे उघडी असूनही बंदच. मग ज्यांची गोष्ट सुवार्तेत सर्वांत आधी येते, तेच गोष्ट सांगणाऱ्यांच्या रांगेत नसतात. आमच्या मते या सगळ्या इतिहासातील हा सर्वांत जिव्हारी लागणारा मुद्दा आहे.

याला एक उत्तर जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी गावच्या शेरवुड बॅप्टिस्ट चर्चने न कळत दिले. तेथील केंड्रिक बंधूंनी कोणत्याही शाळेत न जाता चर्चच्या सभासदांना हाताशी धरून २००३मध्ये 'फ्लायव्हील' काढला. २००८चा त्यांचा 'फायरप्रूफ' पाच लाख डॉलरांत तयार झाला आणि त्याने तीन कोटींहून अधिक डॉलर मिळवले. कोणी जेवण रांधले, कोणी दिवे धरले. मेलबर्नचे टेनिसचे मैदान शंभर वर्षांनी पुन्हा जागे झाले म्हणा ना! टीकाकारांनी त्यांच्या कथांना सरधोपट म्हटले. प्रेक्षकांनी तिकिटे काढली. मात्र या बंधूंची नजर चुका कबूल करण्याइतकी मोकळी होती आणि ते प्रत्येक चित्रागणिक शिकत गेले, हे पहिला आणि तिसरा चित्रपट लागोपाठ पाहणाऱ्याला दिसल्यावाचून राहत नाही.

कलकत्त्याची चित्रबाणी

शेवटी आपल्या देशाकडे वळू. १९३५मध्ये माँट्रियल येथे जन्मलेले गास्ताँ रोबेर्ज हे येशूसंघीय धर्मगुरू १९६१मध्ये भारतात यावयास निघाले. वाटेत न्यूयॉर्कला त्यांनी सत्यजित राय यांची अपूची चित्रत्रयी पाहिली. ज्या देशात आपण शिकवावयास जात आहोत तो देश आपल्याला आधी शिकवणार आहे, याची जाणीव त्यांना तेथेच झाली असावी. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियात चित्रपटकलेची पदवी घेतली आणि १९७०मध्ये कलकत्त्यात 'चित्रबाणी' ही संस्था काढली. राय यांचा तिला पाठिंबा होता. चित्रपट, छायाचित्रण, ध्वनी यांचे शिक्षण देणारे ते केंद्र. तेथे येणाऱ्याची जातधर्म कोणी विचारीत नसे. १९८६मध्ये सेंट झेवियर महाविद्यालयात विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक चित्रणकेंद्र निघाले, तेही रोबेर्ज यांच्याच हातून. २०२०मध्ये कलकत्त्यातच त्यांचे निधन झाले.

आपल्या मुंबईतही १९६९मध्ये येशूसंघीयांनी सेंट झेवियर महाविद्यालयाच्या आवारात झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स सुरू केली. मराठी घरांतील कितीतरी मुलामुलींनी वृत्तपत्र, जाहिरात आणि चित्रण यांचे पहिले धडे तेथे गिरवले. त्यांतील फारच थोडे ख्रिस्ती असतील, आणि धार्मिक चित्रपट काढणारे तर त्याहून थोडे. मग या शाळांचा धर्माला उपयोग काय? हा प्रश्न जेम्स हे यांनी नक्कीच विचारला असता. रोबेर्ज यांचे आयुष्य त्याला उत्तर देते. पाहणाऱ्याचा डोळा निर्मळ आणि चौकस करणे, त्याला खरे आणि खोटे चित्र ओळखता येणे, हीच त्यांनी आपली धर्मसेवा मानली. बाकीचे त्यांनी पाहणाऱ्यावर सोडले.

तात्पर्य

तीन वाटा आपण पाहिल्या. घरातल्या घरात शाळा काढण्याची मेलबर्नची आणि ग्रीनव्हिलची वाट. बाजारात जाऊन उमेदवारी करण्याची हॉलिवूडची वाट. आणि घराचे दार सर्वांना उघडे टाकण्याची कलकत्त्याची वाट. पहिलीत जिव्हाळा आहे, पण एका माणसाच्या लहरीवर सारे अवलंबून. दुसरीत कसब आहे, पण उपाशीपोटी उभे राहण्याची ज्याची ऐपत तोच तेथे टिकतो. तिसरीत मोकळेपणा आहे, पण पेरणाऱ्याला पीक आपल्या कोठारात येईल अशी खात्री नाही.

आमचा कल कोणीकडे आहे हे श्रोत्यांच्या ध्यानी आले असेल. 'संत तुकाराम' हा १९३६चा प्रभातचा चित्रपट, ज्याचा दुसऱ्या वर्षी व्हेनिसला गौरव झाला, तो ज्यांनी घडवला ते दामले आणि फत्तेलाल कोणत्याही धर्मशाळेत शिकले नव्हते. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या हाताखाली त्यांनी पडदे रंगवले, यंत्रे जोडली, कॅमेरा फिरवला. भक्तिपटाचा कळस धंद्याच्या पायावरच चढला. त्याच प्रभातच्या जागेत १९६०मध्ये सरकारची चित्रपट संस्था निघाली आणि पुण्यात ती विद्या सर्वांना खुली झाली.

म्हणून ज्या तरुणाला कॅमेऱ्याने आपल्या श्रद्धेची सेवा करावयाची आहे, मग ती श्रद्धा कोणतीही असो, त्याने उत्तम कारागिराच्या मागे झांज धरावी, आणि ज्याने त्याला झांज दिली त्याने त्याच्या भाकरीचीही सोय पाहावी. मेलबर्नला ज्या मैदानावर रोम उभे राहिले, तेथील उमेदवारांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पण पडदे त्यांनी रंगवले होते, आणि त्या पडद्यांपुढे उभे राहिल्यावाचून बूथचे ते व्याख्यान कोणी दोन तास ऐकले नसते.